बाहेरून लावलेलं कुलूप

आमच्या घरी दिवाळीचा आकाशकंदील लावायला सगळे धावतात, उतरवायचं काम मात्र कोणाचंच नसतं. तुळशीच्या लग्नापर्यंत राहू द्या, असं म्हणत म्हणत तो संक्रांतीपर्यंत लटकतो. काल सकाळी त्याची एक झिरमिळी तुटून उंबऱ्यात पडली होती. ती उचलायला वाकले आणि लक्षात आलं, उद्या शाळा.

सुट्टी संपली की पोरांच्या पोटात दुखतं, हे साऱ्या जगाला माहीत आहे. मास्तरणीच्या पोटात काय होतं ते कोणी विचारत नाही. विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं नसतं म्हणा. कारण माझ्या पोटात त्या दिवशी गुदगुल्या होतात. जुन्या जालन्यातल्या बाईने, भरल्या घरातल्या सुनेने, दिवाळीची सुट्टी संपली म्हणून खूष व्हावं हे काही बरं दिसत नाही. म्हणून मी चारचौघींत "कशा भुर्रकन गेल्या बाई सुट्ट्या" असं म्हणते आणि एक सुस्कारा सोडते. सुस्कारा मात्र खरा असतो.

मास्तरणीला काय, सुट्ट्याच सुट्ट्या, असं लोक म्हणतात. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. पण मास्तरणीची सुट्टी ही सगळ्या घराची सोय असते. "तुला सुट्टी आहे ना" या चार शब्दांवर आमच्या घरातली वर्षभराची तुंबलेली कामं माझ्यासमोर येऊन उभी राहतात. गाद्या उसवायच्या असतात, माळा झाडायचा असतो, कोणाची दाढ काढायला सोबत जायचं असतं, कोणाचं बँकेतलं नाव दुरुस्त करून आणायचं असतं. मग फराळ. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे, पण ती समोरच्या धान्याच्या गोदामाच्या भिंतीवर उघडते. भिंत आणि खिडकी यांच्यात एक माणूस आडवा जाईल एवढीच जागा. तिथून गव्हाची धूळ येते आणि हमालांचे आवाज येतात. कढईसमोर उभी राहून मी त्या भिंतीकडे बघत चकल्या तळते. भिंतीवरचा ओलीचा डाग गेल्या दिवाळीपेक्षा किती वाढलाय हे मला पाठ आहे.

मग सुट्टी संपते आणि मी अंबडकडे जाणाऱ्या बसमध्ये बसते.

माझी शाळा वडीगोद्रीच्या पुढे, फाट्यावर उतरून आत चालत जावं लागतं अशा एका गावात आहे. जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी. लोकांना वाटतं, एवढ्या लांबचा रोजचा प्रवास म्हणजे बिचारीच्या जिवाला किती त्रास. त्रास आहेच. पाठ दुखते, खड्ड्याला मान हिंदकळते, उभं राहायची वेळ आली तर पायाला रग लागते. पण खिडकी मिळाली की त्या वेळात मी कोणाची कोणी नसते. एमआयडीसीतल्या धुराड्यांचा धूर मागे पडतो, कपाशीची रानं लागतात. दिवाळीनंतर ती पांढरीशुभ्र फुटलेली असतात, बांधाला तुरीला पिवळा फुलोरा असतो, उसाच्या तोडीला निघालेल्या कुटुंबांचे ट्रॅक्टर भांड्याकुंड्यांसकट बसला बाजू देत चाललेले असतात. अंबडच्या देवीचा डोंगर येतो आणि जातो. या सगळ्या वेळात मी काहीही करत नाही. मोबाईलही बघत नाही. शाळेत पोचले की पुन्हा आहेच, अमुक माहिती तातडीने पाठवा, तमुक फोटो आजच टाका, प्रशिक्षणाला हजर राहा. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. मधला रस्ता तेवढा माझा आहे.

हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सांगायची वेळ आली ती गेल्या वर्षी.

गेल्या वर्षी भाऊबीजेला नणंदा आल्या होत्या, आणि जेवता जेवता सगळ्यांनी मिळून माझी काळजी केली. आता माझी नोकरीही जुनी झाली होती, विनंती बदली मागितली तर मिळण्यासारखी होती. एमआयडीसीच्या अलीकडे एक शाळा आहे. माझे यजमान एमआयडीसीतच एका बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगवर देखरेख करतात. त्यांच्याच गाडीवर मागे बसून जायचं, त्यांच्याच गाडीवर यायचं. मधल्या सुट्टीत रिक्षाने घरी येऊन जेवूनही जाता येईल, असं मोठ्या नणंदबाईंनी सुचवलं. धाकट्या म्हणाल्या, म्हणजे आईलाही दुपारी सोबत होईल. हे म्हणाले, दिवाळी झाली की अर्ज भरून टाकू. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यातच तर सगळी पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडून मोकळं होता येतं. मी सगळ्यांना आणखी एकेक करंजी वाढली.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या चर्चेत काही बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या परतूरला भावाकडे गेल्या आणि शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी परत आल्या. त्या नव्हत्या तेवढे दिवस बाहेर पडताना मीच दाराला कुलूप घालत होते. दाबायचं कुलूप. ओढलं दार, दाबलं कुलूप, की झालं. किल्ली लागते ती उघडताना. हाताला सवय लागायला किती वेळ लागतो.

शाळेच्या दिवशी सकाळी हे लवकर कामावर गेले. मुलगा संभाजीनगरला शिकायला असतो, तो आधीच परत गेला होता. आत्याबाई मागे न्हाणीत होत्या. मी डबा भरला, पर्स घेतली, "येते हो" म्हणाले, दार ओढलं, कुलूप दाबलं आणि कोपऱ्यावर रिक्षाला हात केला. मनातून तर मी केव्हाच खिडकीजवळच्या सीटवर जाऊन बसले होते.

अंबड यायच्या आधी सहज म्हणून पर्स चाचपली. शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा नव्हता. सुट्टीभर तो माझ्याकडेच होता, कारण शाळेची प्रभारी मुख्याध्यापक मीच. दाराशेजारच्या खिळ्याला मी तो आठवणीने अडकवला होता आणि तितक्याच आठवणीने तिथेच ठेवून आले होते. दुसरे सर त्यांच्या गावाहून एक दिवस उशिरा येणार होते. म्हणजे शाळा उघडणार नव्हती. पर्समध्ये फक्त घराची किल्ली होती. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी घरी फोन लावला आणि आत्याबाईंना विचारलं, खिळ्याला शाळेच्या किल्ल्या आहेत का बघा.

"हायेत," त्या म्हणाल्या. "पण तू मला कोंडून गेली की."

दूध घ्यायला दार उघडायला गेल्या तर दार उघडेना. मग त्यांनी आतून खिडकीच्या गजांशी पातेलं धरलं आणि दूधवाल्याने बाहेरून दूध ओतलं. मी "काय?" असं जवळजवळ ओरडलेच. बसमध्ये शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. मी आवाज खाली करून सांगितलं, दुसरी किल्ली देव्हाऱ्याच्या फळीवर आहे, ती खिडकीच्या गजांतून समोरच्या काकूंना द्या, त्या कुलूप काढतील. साधा उपाय होता. 

"नको," आत्याबाई म्हणाल्या. "सुनेनं सासूला कोंडलं म्हणून साऱ्या गल्लीला कशाला सांगायचं? तू ये बराबर संध्याकाळी."

मी म्हणाले, अहो, पण दिवसभर कसं व्हायचं.

"मी रोज तरी कुठं जाते?" त्या म्हणाल्या. "कुलूप असलं काय न् नसलं काय."

त्यांच्या बोलण्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणे मला ओळखता येतात, इतकी वर्षं झाली. पण त्यांनी ते, आज वार कोणता हे सांगावं तसं सांगितलं. त्या दिवशी अंबडचा डोंगर कधी आला आणि कधी गेला ते मला कळलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमची स्वयंपाकघरातली खिडकी होती. तिथे माझ्याआधी त्याच उभ्या राहत होत्या. तो ओलीचा डाग अगदी लहान असल्यापासून त्यांच्या ओळखीचा असणार. बदली झाली, रोज दुपारी मी घरी जेवायला आले, नोकरी संपली, की पुढे मीही असंच कोणाला तरी फोनवर सांगणार, मी रोज तरी कुठं जाते. मला भीती वाटली. 

शाळेत मात्र जत्रा भरली होती. पोरं नव्या कपड्यांत आली होती, काहींच्या हाताला फटाक्यांनी भाजल्याचे डाग होते, आणि मॅडम किल्ली विसरल्या ही बातमी म्हणजे त्यांची दुसरी दिवाळी. खिडकीला नाक लावून ती आत बघत होती. फळ्यावर मीच रंगीत खडूने काढलेली पणती आणि शुभ दीपावली तसंच होतं. एक चिमणी आतून बाहेर येत होती, पुन्हा आत जात होती. तिला किल्ली लागत नव्हती. गावातल्या एका पालकांनी कुलपावर दगड घालू का म्हणून विचारलं. मी नको म्हणाले. सरकारी कुलूप फोडणं सोपं असतं, त्याचा खुलासा लिहिणं अवघड असतं.

मग आवारातल्या लिंबाखाली शाळा भरली. हजेरी मी तोंडं बघूनच घेतली. काही तोंडं नव्हती, ती उसाच्या तोडीला गेली होती, फाल्गुनाशिवाय दिसणार नव्हती. मी पाढे म्हणायला सांगणार एवढ्यात चौथीतली राधा उठली. ही मुलगी वर्गात फारसं बोलत नाही.

"मॅडम, आमी पाटी इसरलो की तुमी उभं करता," ती म्हणाली. "मंग आज तुमी उभ्या ऱ्हा."

 मी उभी राहिले. हाताची घडी घालून, लिंबाच्या बुंध्याला पाठ न टेकता, नियमाप्रमाणे. आधी एक जण खुदकन हसलं, मग सगळी शाळा हसली, मग मीही.  खिचडीची भांडी कुलपात होती, म्हणून कोणी कोणी घरी पळत जाऊन उरलेला फराळ घेऊन आलं. एका जुन्या चादरीवर सगळ्यांच्या घरचे शेव-चिवडे एकत्र ओतले. त्यात कोणाचा तिखट, कोणाचा मऊ पडलेला, कोणाच्या शंकरपाळ्यांना खोबऱ्याच्या तेलाचा वास. खाता खाता मी सुट्टीत काय काय केलं ते विचारलं. राधा म्हणाली, कापूस वेचला, धाकट्याला सांभाळलं. आणि मग बोटांवरचे कापसाच्या बोंडांचे ओरखडे दाखवत म्हणाली, शाळा सुरू झाली ते बरं झालं. मी तिच्या बोटांकडे बघितलं आणि दुसरीकडे बघायला लागले. मलाही तेच म्हणायचं होतं, पण मॅडमनी कसं म्हणायचं.

दुपारी घरी फोन केला, उचलला नाही. परत निघताना फाट्यावरून केला, उचलला नाही. मग बसमध्ये माझ्या मनाने जे जे वैऱ्याच्या मनात येऊ नये ते सगळं बघून घेतलं. न्हाणीत पाय घसरलेला, गॅस चालू राहिलेला, कुलूप बाहेरून. जो रस्ता संपू नये असं मला वाटायचं, तो त्या दिवशी संपता संपेना. बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि मी प्रत्येक चढणाऱ्या माणसावर मनातल्या मनात चिडत होते.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि घरात दिवा नव्हता. अंधारात किल्ली कुलपात जाईना. दार ढकललं. बैठकीतल्या दिवाणावर आत्याबाई झोपल्या होत्या. केस मोकळे, उशीवर पसरलेले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना रात्रीच्या आधी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं, आणि मोकळ्या केसांनी तर कधीच नाही.  मी हाक मारली. त्यांनी डोळे उघडले आणि आधी खिडकीकडे बघितलं.

"अगं बाई, दिवे लागले का?" त्या म्हणाल्या, आणि उठायची काही घाई केली नाही.

फोन स्वयंपाकघरात राहिला होता. मी त्यांच्या पायाशी बसले आणि माझं चुकलं म्हणायला लागले, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं. मग दिवसभराचं सांगू लागल्या. जेवायला काही केलं नाही, चिवडा आणि दूध खाल्लं. न्हाणीपुढे ऊन येतं तिथे केस सोडून बसल्या, वाळेपर्यंत. भिशीच्या बायका आल्या होत्या, कुलूप बघून गेल्या. लांबच्या नात्यातले कोणी पत्रिका द्यायला आले होते, तेही फिरून गेले. आत्याबाई आत बसून त्यांचं बोलणं ऐकत होत्या. घरी कोणी नाही वाटतं, असं म्हणून माणसं जात होती. हे सांगताना त्यांना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या हसत होत्या, आणि मी बघत राहिले.

"मी घरी न्हाई, असं माझ्या जन्मात आजच झालं बघ," त्या म्हणाल्या.

मला माझी खिडकीजवळची सीट आठवली. एवढी वर्षं एका घरात राहून मला वाटत होतं की कोंडलेली मी आहे आणि पहारा त्यांचा आहे. त्यांना काय वाटत होतं ते विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

ह्यांना आम्ही दोघींनी काही सांगितलं नाही. रात्री जेवताना त्यांनी बदलीचा विषय काढला, तेव्हा आत्याबाई पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या की तिला विचारलं का कोणी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, चौथीची पोरं आहेत, मधेच सोडून कसं यायचं. शिक्षिकेने सांगावं असं शोभिवंत कारण होतं ते. हे म्हणाले, बरं, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू.

पुढचं वर्ष आलं. राधा पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेली. बदल्यांचं पुन्हा सुरू झालं आहे. ह्यांनी यंदा माझ्या पाठीची काळजी म्हणून गाडीच्या मागच्या सीटला टेकायला गादीची पाठ बसवून आणली आहे. चांगली मऊ आहे. ती बघितली आणि मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. गाडीवर हे पुढे बघतात, मी ह्यांच्या शर्टाची पाठ बघते. त्या शर्टावरचे कपाशीच्या बियाण्याच्या औषधाचे गुलाबी डाग मीच धुते.

आज सकाळी हे गाडी काढताना म्हणाले, संध्याकाळी बसून अर्ज भरून टाकू. मी चपला घालत होते. चौथीच्या पोरांचं कारण गेल्याच वर्षी वापरून झालं होतं, म्हणून खरं तेच बोलले. म्हणाले, मला तिथेच राहू द्या, मला बस आवडते. हे हसले. बस कुठं कोणाला आवडत असते का, म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले. माझं खरं बोलणं गल्लीत तसंच पडून राहिलं. वाटलं, मागेच बसून जावं त्या मऊ पाठीला टेकून, संपवून टाकावं सगळं. लोक जवळच्या शाळेत यायला किती खटपटी करतात, आणि मी कोण अशी मोठी लागून गेले.

मागे वळले तर आत्याबाई दारात उभ्या होत्या. नुकत्या न्हालेल्या, केसांना पंचा बांधलेला. ह्यांचं माझं बोलणं त्यांनी ऐकलं असणार, आमच्या घरात सगळंच ऐकू येतं. त्यांनी खिळ्यावरचा शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माझ्या हातात दिला. गेल्या वर्षापासून निघताना रोज विचारते तसं मी विचारलं, दुसरी किल्ली फळीवर आहे ना. आहे म्हणाल्या. मग त्यांनी गल्लीत दोन्हीकडे बघून घेतलं, कोणी नव्हतं.

"जाताना बाहेरून कुलूप लावून जा," त्या म्हणाल्या.

बदली घेतली तर रोज दुपारी मी जेवायला घरी येणार, आणि हे दार दिवसभर उघडं राहणार. संध्याकाळी ह्यांना मला पुन्हा सांगायचं आहे, आणि या वेळी त्यांना हसू द्यायचं नाही, कारण आता ही गोष्ट माझ्या एकटीची राहिलेली नाही. मी दार ओढलं, कुलूप दाबलं. कोपऱ्यावर रिक्षा दिसत होती, तरी पाय जरा रेंगाळले. आतून आत्याबाईंनी कडी घातल्याचा आवाज आला.